नाव ठेवणं आणि नावं ठेवणं

आमच्या भजनी मंडळाच्या पेटीचं नाव ठमाकाकू. मंडळाच्या वहीत तसं काही लिहिलेलं नाही, पेटीवर चिठ्ठी नाही, आणि बारसं तर मुळीच झालेलं नाही. पण सांगलीच्या गावभागातल्या आमच्या गल्लीत कुणालाही विचारा, "मंगळवारी ठमाकाकू कुणाकडं?" तर घर दाखवतील.

पेटी मंडळाने वर्गणी काढून घेतली ती १९९४ साली, मिरजेतून, जुनीच. वाजवायचं काम माझ्याकडे आलं, कारण बाकी कुणाला वाजवता येत नव्हतं. मीही शाळेत असताना दोन परीक्षा दिल्या होत्या तेवढंच भांडवल. दिवसा बँकेत काउंटरवर बसायचं आणि मंगळवारी संध्याकाळी पेटीवर. आम्ही बायका काळी चारमध्ये गातो, म्हणजे चौथी काळी पट्टी हा आमचा सा. सा काळी चार धरला की पंचम, म्हणजे प, येतो काळी दोनवर. ठमाकाकूंचा सगळा स्वभाव त्या काळी दोनमध्ये.

झालं असं की एका आषाढी एकादशीला विठ्ठलाच्या देवळात आमचं भजन होतं. देऊळ भरलेलं, बाहेर पाऊस. शेवटी पसायदान झालं. शेवटचा सूर मी सोडला, भात्यावरचा हात काढला, सगळ्यांनी डोळे मिटले. आणि त्या शांततेत पंचम वाजतच राहिला. मी पट्टी वर उचलून बघितली, दाबून सोडली, शेजारच्या पट्टीला टिचकी मारली. भात्यात भरलेली हवा संपेपर्यंत ती बाई काही गप्प बसायला तयार नाही. आठ-दहा सेकंदच असतील, पण मला पूर्ण कीर्तनाएवढी वाटली. सूर शेवटी कण्हत कण्हत बंद पडला, तेव्हा टाळ धरून बसलेल्या नानी मोठ्याने म्हणाल्या, "झालं का ठमाकाकू? का अजून काय सांगायचं राहिलंय?"

अख्खं देऊळ हसलं. विठोबाही हसला असेल.

ठमाकाकू कोण, हे सांगायची गरज नव्हती. निरोप घेऊन उठलेली, एक चप्पल पायात घातलेली, आणि दारात उभी राहून अजून पाऊण तास बोलणारी काकू प्रत्येकीच्या नात्यात असते. (माझ्या नात्यात दोन आहेत. त्या हे वाचत नाहीत.)

कारण साधं होतं. पेटीची पट्टी म्हणजे आत गेलेली एक लांब लाकडी फळी. तिच्या पोटाला चामडं लावलेलं असतं, ते सुराच्या भोकावर झाकणासारखं बसतं, आणि तारेची स्प्रिंग ते दाबून धरते. पट्टी दाबली की झाकण उघडतं, हवा जाते, आतली पितळेची जीभ थरथरते. आषाढात लाकूड फुगतं. फुगलेली पट्टी शेजारणीला घासते, परत जागेवर येत नाही, झाकण उघडंच राहतं. दिवाळीनंतर आपोआप बरं होतं. म्हणजे आमच्या काकू चार महिने बडबड्या आणि आठ महिने गुणी.

पण नाव पडलं ते त्या चार महिन्यांवरून, आणि मला हेच लिहायचं आहे. मराठीत 'नाव ठेवणं' म्हणजे बारसं आणि 'नावं ठेवणं' म्हणजे दोष काढणं. एका अनुस्वाराचा फरक. बाळाच्या बाबतीत या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, निदान पहिली दोन वर्षं तरी. वाद्याच्या बाबतीत मात्र मला वाटतं दोन्ही एकच आहेत. त्या एकादशीपर्यंत पंधरा-एक वर्षं आम्ही त्या पेटीला फक्त नावं ठेवत होतो. भाता जड आहे, आवाज नाकातून येतो, खर्ज घोगरा आहे, कडी लागत नाही. या सगळ्या नावांचं शेवटी एक नाव झालं.

वाद्याला नाव का देतात असं विचारलं की लोक लगेच प्रेमाचं बोलतात. लेकरासारखं जपतो, वगैरे. असेलही. पण माझ्या ओळखीतल्या नाव असलेल्या वाद्यांची यादी केली तर प्रत्येकाच्या मागे एक तक्रार निघते. शेजारच्या गल्लीतल्या तबलजींच्या डग्ग्याचं नाव 'साहेब', कारण हवेत जरा गारवा आला की तो काम करत नाही. बँकेतल्या एका सहकाऱ्याची बासरी 'सासू'. ती तारसप्तकातच बोलते.

माझी लेक हे सगळं खोडून काढते. तिने पुण्याला शिकायला गेल्यावर गिटार मागवली, घरपोच. खोकं फोडायच्या आधी तिचं नाव ठरलेलं होतं: मोगरा. सूरही लावलेला नव्हता, मोबाईलवर नाव घालून फोटो मात्र सगळीकडे गेला. मी म्हटलं, अगं, आधी ओळख तरी होऊ दे. तिचं म्हणणं, "आई, तू माझं नाव मला ओळखून ठेवलं होतंस का?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण एक सांगते, सहा महिन्यांनी त्या गिटारची खालून दुसरी तार सारखी उतरायला लागली, आणि आता ती फोनवर मोगरा म्हणत नाही. "ती भवानी आज परत उतरली," म्हणते. तर.

अमेरिकन गिटारवादक बी. बी. किंग यांच्या गिटारची गोष्ट तिनेच मला सांगितली, आणि नंतर मी सापडेल तिथे वाचून काढली. १९४९ सालचा हिवाळा. अमेरिकेत आर्कान्सा राज्यात ट्विस्ट नावाच्या छोट्या गावात नाचाच्या हॉलमध्ये ते वाजवत होते. ऊब हवी म्हणून हॉलच्या मध्यभागी पिंपात रॉकेल पेटवलेलं. दोन गड्यांची जुंपली, पिंप लवंडलं, हॉलला आग लागली. सगळे बाहेर पळाले, हेही पळाले. बाहेर आल्यावर लक्षात आलं, गिटार आतच राहिली. परत आत शिरले आणि गिटार घेऊन कसेबसे जिवानिशी बाहेर आले. दुसऱ्या दिवशी कळलं की ते दोघे तिथे काम करणाऱ्या एका बाईवरून भांडत होते, आणि तिचं नाव ल्युसिल. म्हणून गिटारचं नाव ल्युसिल. पुन्हा असा गाढवपणा करायचा नाही, याची स्वतःलाच आठवण म्हणून.

मला हे फार आवडलं. नावं ठेवली स्वतःला आणि नाव ठेवलं गिटारला. आणि पुढे आयुष्यभर त्यांनी कितीतरी गिटारी बदलल्या, पण प्रत्येकीचं नाव ल्युसिलच. म्हणजे नाव त्या लाकडाला चिकटलेलं नव्हतं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे आमच्या पुरात लागणार आहे.

सगळीच नावं अशी नसतात, हेही खरं. इटलीतल्या स्ट्रॅडिव्हरी या कारागिराच्या वाद्यांना नावं असतात, 'लेडी ब्लंट', 'दाविदॉव' अशी. लेडी ब्लंट ही १७२१ सालची व्हायोलिन. २०११ मध्ये जपानच्या त्सुनामीग्रस्तांच्या मदतीसाठी ती विकली, तेव्हा १ कोटी ५९ लाख डॉलर आले. ब्लंट ही तिची जुनी मालकीण, कवी बायरनची नात. दाविदॉव हा १७१२ सालचा चेलो, म्हणजे पायांत उभा धरून वाजवायचा व्हायोलिनचा थोरला भाऊ. तो रशियातल्या एका वादकाच्या नावावर. एकाच कारागिराची शेकडो वाद्यं जगात फिरत असली की ही कुठली नि ती कुठली हे कळायला मालकाचं नाव लावतात. ते मला सात-बाऱ्यासारखं वाटतं. त्यात लडिवाळपणा काही नाही. पागानिनी या इटालियन व्हायोलिनवादकाचं मात्र तसं नव्हतं. १७४३ साली घडवलेल्या आपल्या व्हायोलिनला तो तोफ म्हणायचा, तिच्या दणदणीत आवाजावरून. आपल्याकडे तोफेला मुलूखमैदान असं नाव असतं, त्याने व्हायोलिनलाच तोफ करून टाकलं. हे नाव वाजवणाऱ्याने ठेवलेलं आहे, लगेच कळतं.

चेलोवादक यो-यो मा यांच्या १७३३ सालच्या चेलोला नाव नव्हतंच. एका विद्यार्थिनीने विचारलं, याला नाव काय? ते म्हणाले, नाही, मी वाजवतो, तू ठेव. तिने ठेवलं पेटुनिया. पुढे १९९९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये हाच चेलो ते टॅक्सीच्या डिकीत विसरून उतरले. त्याच दिवशी सापडला म्हणून बरं. मला मनापासून वाटतं की त्या दिवशी पेटुनियाने त्यांना काय नावं ठेवली असतील, तेही कुणीतरी लिहून ठेवायला हवं होतं.

आमच्या सासूबाई गीतेचा पहिला अध्याय रोज म्हणायच्या. मी पोळ्या लाटता लाटता ऐकून तो माझाही पाठ झाला. त्यात कृष्णाचा शंख पांचजन्य, अर्जुनाचा देवदत्त, भीमाचा पौंड्र, धर्मराजाचा अनंतविजय, नकुलाचा सुघोष, सहदेवाचा मणिपुष्पक. प्रत्येकाचं वाद्य नावानिशी. आणि त्याच्या आधी कौरवांकडून भीष्म शंख फुंकतात, तो नुसता शंख. मागोमाग भेरी, पणव, आनक, गोमुख वाजतात ते नुसतेच वाजतात. एवढी वाद्यं आणि एकालाही नाव नाही. एकदा मी सासूबाईंना म्हटलं, "आई, तिथेच निकाल लागला होता बघा." त्या म्हणाल्या, "पोळी करपतीय."

देवांचीही तीच तऱ्हा. सरस्वतीची वीणा कच्छपी, नारदाची महती, तुंबरूची कलावती. कच्छपी म्हणजे कासवीण. सरस्वतीनेही आकारावरून चिडवलंय म्हणायचं की काय.

माझ्या या सिद्धांतात एक माणूस बसत नाही, ते माझे वडील. माहेर कोरेगावकडचं. घरी बैलांना नावं होती. एक हरण्या आणि एक मारक्या. मारक्याला ते नाव का, हे माझ्या धाकट्या भावाच्या कोपरावर अजून दिसतं. बेंदराला त्यांच्या शिंगांना हिंगूळ लावायचा, झूल घालायची, आणि नावानं हाक मारून पुरणपोळी भरवायची. पण ज्या पखवाजाशिवाय वडील एक एकादशी राहिले नाहीत, त्याला मात्र नाव नव्हतं. भजनाआधी ते धुमेवर, म्हणजे पखवाजाच्या डाव्या तोंडावर, कणीक थापायचे, बोटाने कडा सारख्या करायचे, एक थाप मारून कान द्यायचे, मग पुन्हा चिमूटभर कणीक. भजन झालं की ती खरवडून काढायची. पन्नास वर्षं हेच. कधी चिडलेले बघितले नाहीत. "आण गं ते," एवढंच म्हणायचे, आणि 'ते' म्हणजे पखवाज हे कुत्र्यालासुद्धा कळायचं. त्यांनी त्याला कधी नावं ठेवली नाहीत, म्हणून नाव पडलं नाही, असं म्हणून मी त्यांना माझ्या सिद्धांतात कोंबू शकते. पण ते बसत नाहीत हे मला माहीत आहे.

आता पूर. २०१९ चा ऑगस्ट. आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट, आणि त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. २००५ चा पूर बघितलेल्यांनी तेव्हाची खूण दाखवून सांगितलं, एवढ्यावर येत नाही. आम्हीही ऐकलं. पेटी तेव्हा आमच्याकडे होती. गॅस बंद केला, कागदपत्रं घेतली, पेटी गोदरेजच्या कपाटावर ठेवली आणि विश्रामबागेत बहिणीकडे गेलो. कपाटच पाण्यात आडवं होईल, हे डोक्यात आलं नाही.

आठवड्याने दार उघडलं. चिखल, वास, ते सगळं सांगत बसत नाही. सांगलीकरांना माहीत आहे आणि बाकीच्यांना सांगून कळत नाही. पेटी पलंगाखाली सापडली, सुट्या सुट्या फळ्यांच्या रूपात. जुनी पेटी सरसाने जोडलेली असते, आणि सरस पाण्यात विरघळतो. भात्याचा कागद आणि चामडं म्हणजे लगदा. पट्ट्या वाकलेल्या. नानी बघायला आल्या आणि काही न बोलता दारातच बसल्या.

ते सगळं पोत्यात घालून मी मिरजेला नेलं. मिरजेतल्या वाद्यं करणाऱ्यांच्या गल्लीत तुम्ही गेला असाल तर माहीत असेल, एका दुकानात वाळवत ठेवलेले भोपळे, दुसऱ्यात तंबोऱ्याच्या दांड्या, जमिनीवर भुसा, आणि कुठूनतरी एकच तार पुन्हा पुन्हा छेडल्याचा आवाज. हे कारागीर मूळचे शिकलगार, म्हणजे तलवारींना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकात लढाया थांबल्या, हत्यारांचं काम गेलं, तेव्हा त्यांनी सतार-तंबोरे करायला घेतले. गायक अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले, त्यामुळे या हातांना कानही तसेच मिळाले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. मला गंमत वाटते ती वेगळी. साताऱ्याची भवानी आठवा. तलवारींनाही आपण नावं देत होतोच. धार लावणाऱ्या हातात आधी नाव असलेली हत्यारं येत होती, आता नाव असलेली वाद्यं येतात.

पण हे मी पेटी बघणाऱ्या कारागीर चाचांना बोलून दाखवलं तेव्हा त्यांनी मान हलवली. "ताई, नावं तुम्ही ठेवता. आमच्याकडं येतं ते सगळं पेशंट." त्यांच्या वहीत गिऱ्हाइकाचं आडनाव आणि दुखणं एवढंच. 'कुलकर्णी, जवारी.' 'पाटील, खुंटी सैल.' आमच्या पोत्यासमोर ते बराच वेळ बसले. एकेक सूर, म्हणजे ती पितळेची जीभ, उचलून, फडक्याने पुसून, तोंडाने फुंकून बघत होते. पितळ ते, काळं पडलं होतं, मेलं नव्हतं. "सूर चांगलं आहे जुनं. असं आता मिळत नाही. पेटी नवी घ्या, सूर हेच बसवतो."

म्हणजे आवाज काकूंचा आणि अंग दुसरंच.

पेटी हातात आली २०२० च्या फेब्रुवारीत. महिनाभरात सगळं बंद पडलं आणि भजनही. २०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी आलं, तेव्हा मात्र कागदपत्रांच्या आधी पेटी विश्रामबागेत पोचली. मंडळ सुरू व्हायला दिवाळी उजाडली. पहिल्या मंगळवारी सगळ्याजणी पेटीभोवती जमल्या. मी सूर धरला. तोच नाकातला आवाज, तोच घोगरा खर्ज. दोघींनी डोळे पुसले.

आणि तरी कुणी तिला ठमाकाकू म्हणेना. 'नवी पेटी' म्हणायच्या. पाऊस आला, आषाढ गेला, काळी दोन व्यवस्थित उघडत होती, व्यवस्थित मिटत होती. पसायदानानंतर शांतता व्हायची, अगदी स्वच्छ. नानी एकदा म्हणाल्या, "सूर तिचाच हाय गं. पण लईच गुणाची निघाली." हे कौतुक नव्हतं. खंडेनवमीला मी तिला हळदकुंकू वाहिलं, फूल ठेवलं. पूर्वी त्या एका दिवशी तिला सरस्वती म्हणायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ठमाकाकू. आता दोन्ही दिवशी ती पेटीच.

दोन-अडीच वर्षं अशीच गेली.

मग गेल्या कोजागिरीला गच्चीवर भजन होतं. भूप राग चालला होता. काळी चारचा सा, म्हणजे गंधार वरच्या पांढरी एकवर. मी गंधारावर बोट ठेवलं आणि काहीच आलं नाही. हवा नुसती फुस्स. पुन्हा दाबलं, पुन्हा फुस्स. भूपातून गंधार गेला तर मागे काय उरतं, ते गाणाऱ्यांना सांगायला नको. मी वरून-खालून कशीतरी सारवासारव करत होते. तेवढ्यात नानींनी टाळ न थांबवता शेजारणीकडे तोंड वळवलं आणि म्हणाल्या, "आल्या बघ काकू."

त्या एका वाक्यावर अभंगाची लय पार कोसळली. कुणालाही गाता येईना.

दुसऱ्या दिवशी लेक सुट्टीला घरी होती. तिने मोबाईलचा उजेड धरला, मी पेटी उघडली, पातळ कागदाची पट्टी पितळेच्या जिभेखालून हळूच सरकवली. राखाडी रंगाचा एक कण खाली पडला, मोहरीएवढाही नसेल. मी म्हटलं, पुराचा गाळ आहे. ती म्हणाली, "आई, धूळ आहे ती." आम्ही दोघींनी तो बोटावर घेऊन उन्हात बघितला. माझं मत बदललं नाही.

पुढच्या मंगळवारी गंधार खणखणीत वाजला. नानींनी भजन संपेपर्यंत वाट बघितली आणि मग जरा काळजीनेच विचारलं, "गेल्या काय गं काकू?"

म्हटलं, "हायत की. पाऊस येऊ दे."